बेसमेंटमध्ये पाणी शिरलेली इव्ही : हात लावायचा की नाही?

नाइलाजाने_सेक्रेटरी
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, चुका पोटात घाला. पुण्यात सिंहगड रोडला आमची ४४ फ्लॅटची सोसायटी. परवा रात्री पाऊस झाला आणि नाल्याचं पाणी उलटं फिरून बेसमेंटमध्ये आलं, गुडघ्याच्या थोडं वर. २०२४ च्या जुलैमध्ये खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर एकतानगरीत जो पूर आला तो आम्ही गॅलरीतून बघितलं होतं, तेव्हा वाटलं आपण उंचावर आहोत, आपल्याकडे काय येतंय. तर आलं.

पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांचं सगळ्यांना माहितीये, स्टार्टर मारायचा नाही, टो करून न्यायची. पण खाली दोन इव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्या, पण आहेत. एक एसयूव्ही, मालक दुबईला आणि चावी त्यांच्या मुलाकडे. दुसरी छोटी हॅचबॅक, ती पाणी आलं तेव्हा चार्जिंगला लावलेली होती (हो, पूर्ण रात्र). वॉचमन सांगतो की दोनच्या सुमाराला एसयूव्हीचे इंडिकेटर आपोआप लुकलुकायला लागले आणि एक काच अर्धी खाली आली, आत कोणी नाही, तो बिचारा भूत समजून जिन्याने वर पळाला आणि सकाळपर्यंत खाली उतरलाच नाही. आता वाटतं बरंच झालं.

पाणी आज दुपारी पंपाने काढलं. मुलगा म्हणतोय "काका गाडी आयपी६७ आहे, काही होत नाही, चालू करून वर काढतो, तुम्ही उगाच घाबरता". पहिल्या मजल्यावरचे काका म्हणतायत गाडीत ४०० वोल्ट असतो, खाली पाऊल टाकलं तर सगळे जाल. सर्विस सेंटरला फोन केला तर "सर तिकीट रेझ केलंय", त्याला आता दीड दिवस झाला. ह्या दोघांत बरोबर कोण, आणि गाडीने धूर काढला तर आम्ही नक्की काय करायचं, आमच्याकडे लाल बादल्यांत वाळू आहे आणि चार पावडरचे सिलिंडर आहेत, ते चालतात का? प्लीज कोणी माहितगार असेल तर सांगा, रात्री झोप लागत नाहीये.

पाना_पक्कड
साहेब, सगळ्यात आधी त्या मुलाकडून चावी घ्या. आत्ता, हे वाचताय तेव्हाच. बाकीचं मग वाचा. आणि चावी घेतली की ती वरच्या मजल्यावर नेऊन ठेवा, खिशात घेऊन गाडीजवळ फिरू नका, कीलेस गाडी चावी जवळ आली की जागी होते.

मी चिंचवडला इव्हीवरच काम करतो, पाच वर्षं झाली. दोघंही अर्धे बरोबर, अर्धे चूक. आयपी६७ म्हणजे एक मीटर खोल स्वच्छ पाण्यात अर्धा तास. तुमचं पाणी नाल्याचं, आणि अर्धा तास नाही तर दीड दिवस. आणि ते रेटिंग बॅटरी पॅकला असतं, अख्ख्या गाडीला नाही. सीटखालचे कनेक्टर, १२ वोल्टची वायरिंग, त्यात चिखल गेला की काच खाली, इंडिकेटर चालू, ही सगळी भुताटकी तिथूनच येते. वॉचमनला सांगा भूत नव्हतं, १२ वोल्ट होते.

आता काकांचं. गाडीतला पॅक ३०० ते ४०० वोल्टचा असतो, काही नव्या गाड्यांत ८०० चा (आयोनिक ५ घ्या). ६० वोल्ट डीसीच्या वर गेलं की आमच्या भाषेत हाय वोल्टेज. पण ह्या पॅकचा प्लस आणि मायनस दोन्ही बॉडीपासून वेगळे ठेवलेले असतात, जमिनीशी त्याचं नातंच नाही, त्यामुळे गाडी पाण्यात उभी आहे म्हणून बाजूला उभ्या माणसाला करंट लागेल असं सहसा होत नाही. घरातली २३० वोल्टची लाइन मात्र जमिनीशी जोडलेली असते. म्हणजे काकांना सांगा, पाण्याने भरलेल्या बेसमेंटमध्ये माणूस मारणारी गोष्ट गाडी नव्हे, तो भिंतीवरचा चार्जर, त्याचा बोर्ड आणि मीटर रूम. तुम्ही पंप लावायच्या आधी बेसमेंटचा सप्लाय बंद केला होता का? केला नसेल तर देवाची कृपा समजा. पाण्यातून चालत जाऊन मेन स्विच कधीच पाडायचा नाही, महावितरणला फोन करून बाहेरून बंद करून घ्यायचा.

हॅचबॅकची केबल आत्ता ओढू नका. बोर्डाचा एमसीबी खाली पडलाय का ते लांबून बघा, नसेल तर इलेक्ट्रिशियनला सांगून वरून लाइन तोडा, मग केबल. ती गाडीला लॉक झालेली असेल तर तशीच राहू द्या, जोर लावू नका.

नाइलाजाने_सेक्रेटरी
चावी घेतली. मुलगा रागावलाय, असू दे. सप्लाय बंद केला होता, पण पाण्यात उतरूनच केला, आमच्या प्लंबरने. हे वाचून अंगावर काटा आला.

कॅलरी_मोजणारी
पण मग गाडी बंद असली की बॅटरी पण बंदच ना? आमच्याकडे पण इव्ही आहे, मला वाटायचं बटण दाबलं की विषय संपला.

पाना_पक्कड
नाही ना ताई, इथेच सगळे फसतात. गाडी बंद केली की पॅकच्या तोंडाशी असलेले काँटॅक्टर (मोठे स्विचच समजा) उघडतात, म्हणजे पॅकच्या बाहेर, त्या भगव्या जाड केबल आहेत ना, त्यांच्यात वोल्टेज जायचं थांबतं. पॅकच्या आत तर सेलमध्ये चार्ज आहे तेवढा आहेच, त्याला बंद करायचं बटण जगात कोणी बनवलेलं नाही. अपघातात एअरबॅग उघडली तरी तेच होतं, काँटॅक्टर उघडतात, बाहेर शांत, आत भरलेलं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, एनटीएसबीने, २०२० मध्ये ह्याच्यावर अख्खा अहवाल काढला, आत अडकून राहिलेली ऊर्जा हाच त्याचा विषय.

आणि बाहेरची बाजू पण लगेच शांत होत नाही. मोटरला वीज देणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये कपॅसिटर असतात, ते चार्ज धरून ठेवतात, त्यांना उतरायला वेळ लागतो. आम्ही कसं करतो सांगतो, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल की यूट्यूब बघून का करू नये. आधी अंगठी, कडं, चेन, घड्याळ सगळं काढून ट्रेमध्ये. १२ वोल्टचा मायनस काढायचा. मग १००० वोल्टवाले रबरी हातमोजे, ते घालायच्या आधी मनगटाकडून गुंडाळत आणायचे, आत हवा कोंडते, ती गालाजवळ धरायची, सुईएवढं भोक असेल तरी गालाला फुंकर लागते. लागली की तो मोजा कचऱ्यात, मग कितीही महाग असू दे. वरून चामड्याचा मोजा. सर्विस प्लग, म्हणजे पॅकचं सर्किट तोडणारा प्लग, काढायचा आणि तो आपल्याच खिशात ठेवायचा, टेबलावर नाही, कारण दुसरा कोणीतरी शहाणा परत लावून ठेवतो. दहा मिनिटं थांबायचं, खरंच घड्याळ लावून. मग मीटर आधी चालू सप्लायवर तपासायचा, मग गाडीवर, मग पुन्हा चालू सप्लायवर, कारण गाडीवर शून्य दिसलं ते मीटर मेल्यामुळे तर नाही ना. आणि हे सगळं होईपर्यंत मागे एक जण नुसता उभा, हातात फायबरचा आकडा. त्याचं काम एकच, मी चिकटलो तर मला त्या आकड्याने ओढून काढायचं. माझ्या पहिल्या वर्षी मला वाटायचं हा माणूस फुकट पगार खातोय.

भगवी केबल दिसली, फाटलेली दिसली, पाण्यात लोंबताना दिसली, हात लावायचा नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी खूप.

बंबवाला_आजोबा
मी अग्निशमन दलातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, नाशिकला. २०२२ च्या एप्रिलमध्ये आमच्याकडे कंटेनरमध्ये भरलेल्या ४० पैकी २० इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या, तेव्हा मी सेवेत नव्हतो पण पोरांकडून ऐकलं, आग विझली म्हणावं आणि पुन्हा आतून धग. साध्या गाडीच्या आगीला आम्ही वीस मिनिटं धरायचो.

सेक्रेटरी, तुमच्या वाळूचं आणि पावडरचं सांगतो. गाडीतली सीट, वायर, किंवा शेजारची मोटरसायकल पेटली तर पावडर मारा. पॅक पेटला तर त्याचा उपयोग नाही. पावडर हवा अडवते, पण ह्या सेलची आग आतल्या आत स्वतःची उष्णता स्वतः बनवते, एक सेल तापला की शेजारच्याला तापवतो, तो पुढच्याला, जत्रेतल्या लवंगी माळेसारखं. ते थांबवायचा एकच मार्ग, पॅक थंड करत राहणं, आणि त्याला पाणीच लागतं. लोक म्हणतात विजेवर पाणी मारायचं नाही. घरातल्या बोर्डाला ते खरं, इथे दलाची माणसं लांबून पाणीच मारतात. फक्त किती, ते बघा. टेस्लाच्या बचावपुस्तिकेत ३ ते ८ हजार गॅलन लिहिलंय, म्हणजे साधारण ११ ते ३० हजार लिटर, एका गाडीला! आपल्या बऱ्याच बंबांत चार-पाच हजार लिटर असतं. म्हणून फोन करताना "गाडीला आग लागली" एवढंच सांगू नका. १०१ ला सांगा "इलेक्ट्रिक गाडी आहे, बेसमेंटमध्ये आहे, आत माणूस आहे किंवा नाही, चार्जिंगला आहे किंवा नाही". ह्या चार गोष्टींवर पोरं काय घेऊन निघायचं ते ठरवतात. हिरवी नंबरप्लेट आम्हाला धुरात दिसत नाही हो.

धुराचं महत्त्वाचं. पॅकमधून आधी पांढरा धूर येतो, वाफेसारखा, आणि आवाज, आधी सूऽऽ, मग पट् पट् पॉपकॉर्नसारखं. लोकांना वाटतं पाणी सुकतंय, वाफ आहे. ती वाफ नाही. त्यात हायड्रोजन आहे, कार्बन मोनॉक्साइड आहे, हायड्रोजन फ्लोराइड आहे, विषारी पण आणि बंद जागेत साचलं तर भडका उडणारं पण. बेसमेंटमध्ये असला धूर दिसला तर "बघून येतो" म्हणून एकानेही उतरायचं नाही. लिफ्टमध्ये बसायचं नाही. वरच्या लोकांना जिन्याने बाहेर, वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला. घरात सिलिंडर लीक झाला की आपण जसे बटणांना हात लावत नाही तसंच समजा, पंखे-बिंखे चालू-बंद करायचे ते आल्यावर दलावर सोडा.

आणि स्प्रिंकलर असतील तर कोणी शहाणपणा करून बंद करू नका. दक्षिण कोरियात इंचॉनला १ ऑगस्ट २०२४ ला अपार्टमेंटच्या भूमिगत पार्किंगमध्ये एक इलेक्ट्रिक गाडी पेटली, चार्जिंगला पण नव्हती, नुसती उभी होती. अलार्म वाजल्यावर तिथल्या कर्मचाऱ्याने स्प्रिंकलर थांबवायचं बटण दाबलं. आग आटोक्यात यायला आठ तास लागले.

ज्ञानकण
एवढं घाबरवू नका लोकांना. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी जळतच नाही. सेक्रेटरींची गाडी भारतात बनलेली असेल तर बहुतेक एलएफपीच असणार, पोरगा बरोबर होता.

पाना_पक्कड
"जळतच नाही" असं लिहू नका. एलएफपीला जास्त तापवावं लागतं आणि ती एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरीइतकी भडकत नाही, हे बरोबर. पण तिच्यातूनही तोच पेट घेणारा वायू बाहेर पडतो, आणि ज्वाळा लगेच न दिसता वायू साचत राहिला तर बंद बेसमेंटमध्ये ते कधी कधी जास्त वाईट. मी स्वतः एलएफपी मॉड्युल फुगून वाटीसारखं झालेलं हातात धरलंय. केमिस्ट्री कुठलीही असो, दीड दिवस नाल्यात बुडालेली गाडी चालू करायची नाही. आणि चार्जिंगला तर अजिबात लावायची नाही.

टँपाकर
मी फ्लोरिडात असतो, हे सगळं २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इयन चक्रीवादळानंतर बघितलंय, म्हणून लिहितो. पूर ओसरला, लोक खूश, गाड्या सुकल्या, आणि मग दिवसांनी, काही ठिकाणी आठवड्यांनी, ड्राइववेवर उभ्या इव्ही पेटायला लागल्या. समुद्राचं पाणी होतं, मिठाने आत हळूहळू वाट तयार होते, सेल ते सेल. तुमचं पाणी गोडं आहे त्यामुळे धोका कमी, पण नाल्याच्या पाण्यात काय काय असतं ते तुम्ही पुणेकर जास्त सांगाल. आमच्याकडे तेव्हा सूचना होती की बुडालेली इव्ही घरापासून, दुसऱ्या गाड्यांपासून आणि जळेल अशा कशाहीपासून किमान ५० फूट लांब, उघड्यावर ठेवा. उशिरा पेटणं काही नवीन नाही, २०११ ला शेव्हरोले व्होल्टची सरकारी क्रॅश टेस्ट झाली आणि गाडी आवारात उभी असताना तब्बल तीन आठवड्यांनी पेटली, शेजारच्या गाड्या घेऊन.

माझ्या शेजाऱ्याने त्याची गॅरेजमध्ये ठेवली होती. काही झालं नाही. पण आम्ही दोन्ही घरं पंधरा दिवस मागच्या बेडरूममध्ये झोपत होतो, तेवढं मात्र झालं.

घाटातला_क्रेनवाला
बाकी हुशार लोकांनी लिहिलंय, मी टोईंगचं लिहितो, माझी साताऱ्याकडे दोन क्रेन आणि एक फ्लॅटबेड (गाडी अख्खी वर चढते तो सपाट ट्रक) आहे. इव्ही दोरीने ओढायची नाही. दोन चाकं उचलून दोन जमिनीवर ठेवून पण नाही, निदान जी चाकं मोटरला जोडलीत ती जमिनीवर नकोच. चाक फिरलं की मोटर फिरते, मोटर फिरली की ती वीज बनवते, गाडी बंद असली तरी. खंबाटकीत एकाने इव्ही पुढून उचलून मागची चाकं लोळवत आणली, मागे मोटर होती, तळाला प्लास्टिक जळल्याचा वास आणि गिऱ्हाईक माझ्याशी भांडतंय, मी तर आणली पण नव्हती. फ्लॅटबेडच सांगा, आणि सांगताना "इव्ही आहे, पाण्यात होती" हे आधी सांगा, नाहीतर काही जण जागेवर आल्यावर बघून परत जातात आणि येण्याजाण्याचे पैसे मागतात. वर चढवताना विंचचा हूक खालच्या पॅकला लागू देऊ नका, टो आय (ओढायची कडी) लावूनच ओढायची. मी अशी गाडी डेपोत आणली की रात्रभर दुसऱ्या कुठल्या गाडीशेजारी लावत नाही.

डॉ_सुट्टीवर
दोनच गोष्टी. असा धूर नाकात गेला असेल तर बरं वाटतंय म्हणून घरी जाऊ नका, फुफ्फुसाचा त्रास काही तासांनी पण सुरू होतो. आणि शॉक बसलेला माणूस उठून बसला, चहा प्यायला, हसला तरी त्याचा ईसीजी काढा. कोणी चिकटलेलं असेल तर हाताने धरून ओढायचं नाही, आधी सप्लाय, नाहीतर कोरडी काठी, मग श्वास नसेल तर सीपीआर आणि १०८. सेक्रेटरी, तुमच्या त्या प्लंबरला खरंच काही झालं नाही ना?

नाइलाजाने_सेक्रेटरी
प्लंबर ठणठणीत आहे, त्याला दोनशे रुपये जास्त दिले आणि पुन्हा असं केलं तर दमडी देणार नाही असं पण सांगितलं.

अपडेट देतो. काल संध्याकाळी फ्लॅटबेड आला, क्रेनवाल्या भाऊंनी लिहिलं होतं तसं आधीच सगळं सांगितलं म्हणून तो गमबूट आणि मोठा पत्रा घेऊन आला. बेसमेंटच्या रॅम्पवर एसयूव्ही वर घेताना मुलगा स्वतः मला बाजूला हो म्हणाला, म्हणजे डोक्यात शिरलंय. दोन्ही गाड्या आता मागच्या मोकळ्या प्लॉटवर आहेत, दोघींत चांगलं अंतर, चारी बाजूला दोरी बांधली आणि मुलांचं क्रिकेट बंद केलं (त्यावरून वेगळं भांडण झालं, ते असो). एकीच्या तळातून अजून पाणी ठिबकतंय, वॉचमन तासातासाने लांबून बघतो आणि मोबाईलवर फोटो टाकतो, आता त्याला भुताची भीती नाही पण गाडीची वाटते. हॅचबॅकचा चार्जर भिंतीवरून उतरवला तर आतून एक झुरळ आणि अर्धी वाटी गाळ निघाला.

सर्विस सेंटरचा माणूस उद्या येतो म्हणालाय. एसयूव्हीच्या मालकांना दुबईला फोन केला, त्यांनी गाडीच्या पुस्तिकेतलं बचावाचं पान फोटो काढून पाठवलं, सर्विस प्लग कुठे आहे ते त्यात आहे. टँपाकर, तिकडे असं पान गाडीत ठेवायची पद्धत आहे का हो?

टँपाकर
माझ्या माहितीत इथे नाही, पण जर्मनीत आहे. तिथे लोक बचावपत्रक घडी करून ड्रायव्हरच्या सनव्हायजरमागे ठेवतात, बंबवाल्याला तिथेच शोधायचं माहिती असतं. तुमच्याकडे तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवावं लागेल, पाऊस बघता. आणि एक प्रत वॉचमनच्या केबिनमध्ये पण, गाडीत जायलाच मिळालं नाही तर आतलं पान काय कामाचं.

बंबवाला_आजोबा
केबिनमध्ये ठेवाच. आणि आपल्याकडच्या इव्हीच्या सुरक्षा नियमात, एआयएस ०३८ च्या सुधारणेत, एक सेल पेटला तर आतल्या माणसांना धोका पोचायच्या किमान पाच मिनिटं आधी गाडीने इशारा दिला पाहिजे असं आहे. चालू गाडीत तो लाल इशारा आला की "पुढच्या पंपापर्यंत नेऊ" नाही. डावीकडे घ्या, पी (पार्किंग) लावा, गाडी बंद, सगळे बाहेर, बॅग राहू द्या, लांब चालत जा आणि मग फोन. चालू गाडीचा आवाज येत नाही म्हणून बंदच समजतात, आणि चिमणा पोरगा ॲक्सिलरेटरवर पाय ठेवतो. पी लावणं विसरू नका.

नाइलाजाने_सेक्रेटरी
पाच मिनिटंच का, म्हणजे आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना जिना उतरायलाच तेवढी लागतात :)

बरं, शेवटचा प्रश्न, माहीत असेल त्यांनी सांगा. चार्जरचे बोर्ड आणि मीटर रूम बेसमेंटमधून उचलून वर पोर्चमध्ये आणायचं कमिटीत ठरतंय, आरसीसीबीसकट (करंट गळला की लाइन पाडणारा स्विच). महावितरणकडे अर्ज सोसायटीच्या नावाने करायचा की प्रत्येक मीटरवाल्याने वेगळा? मीटिंग रविवारी आहे आणि काका आत्ताच "खर्च कोण देणार" म्हणून तयारीत बसलेत.